रस्ता सुस्थितीत आहे

टेंगलेवस्ती, ता. जत
९ जून २०२४

चि. मंगल हिस, जोतीरामचे आशीर्वाद.

आजवर रेशनकार्डाच्या अर्जात, शाळेच्या फॉर्मवर तुझ्या नावाआधी मीच 'सौ.' लिहीत आलो. आज पेन तिथंच अडला. 'श्रीमती' लिहून बघितलं, तर हापिसाच्या कागदासारखं दिसायला लागलं, म्हणून खोडलं. नुसतं नाव लिहिलंय, राग मानू नकोस.

फोन सहा वेळा लावला. दर वेळी तुझा भाऊ अमृत उचलतो आणि "पाव्हणं, ताई बोलत न्हाई म्हणती" एवढं सांगून ठेवतो. थोरल्या दिरानं भावजयीला पत्र लिहावं अशी आपल्यात रीत नाही. अकरा वर्षांत तुझं-माझं बोलणं झालं ते 'मेंढरं आली का' आणि 'ताट केलंय' इतकंच. पण बिरदेव माझा पाठचा भाऊ. तो गेल्यावर पंधराव्या दिवशी तू प्रांजलला घेऊन कोरेगावला माहेरी गेलीस, आणि जाताना तुझ्या जावेच्या, अंबूबाईच्या पाया पडलीस, माझ्याकडं बघितलंही नाहीस. म्हणून लिहितोय.

प्रांजलचा शाळेचा दाखला सोबत आहे. चौथीचं नाव तिकडं घालता येईल. बिरदेवची चौदा मेंढरं माझ्या कळपात आहेत. त्यांच्या कानाला निराळी खूण करून ठेवलीय. ती तुझी.

मी एकतीस मेला रिटायर झालो. हापिसात नारळ आणि शाल दिली. साहेब म्हणाले, जोतीराम टेंगले हा आपला शेवटचा मैलकामगार. पूर्वी दर आठ किलोमीटरला एक माणूस असायचा, मुरूम टाकायचा, गटार काढायचा. आता जागाच भरत नाहीत, सगळं ठेक्यानं. माझ्या आठ किलोमीटरला आता कुणी नाही.

त्या पंचनाम्याच्या दिवशीचं तुझ्या मनात आहे, हे मला कळतं. बिरदेवचा टँकर जिथनं ओढ्यात पडला त्या मोरीवर पोलीस होते, आमच्या हापिसातले दोघं होते, टँकरचे मालक नाथाजी होते. तू सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "दादा, तुमी तर रोज हितनं जाताय. सांगा की ह्यास्नी, हितं खड्डा हाय म्हणून." मी खाली बघत राहिलो. अगं, अशा ठिकाणी लहान माणसाच्या बोलण्याला किंमत नसते. नाथाजींचे नऊ टँकर सरकारी कामावर आहेत, ओळखी मोठ्या. ते म्हणतात बिरदेवनं न विचारता गाडी नेली. म्हणू देत. त्यांच्या तोंडी लागून आपल्याला काय मिळणार? खड्डा होता काय आणि नव्हता काय, बिरदेव थोडाच परत येणार आहे?

प्रकृतीला जप.

जोतीराम


२५ ऑगस्ट २०२४

चि. मंगल हिस,

तू सांगलीला वकील गाठून केस घातलीस हे मला नाथाजींकडून कळलं. ते वस्तीवर आले होते. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, "तुमच्या भावजयीला जरा समजावा. बिरदेव माझ्या कामावर न्हवता त्या वक्ताला. पाण्याची खेप सोडून राज्याची शीव वलांडून कशाला गेलता त्यो?" अंबूबाई चहा ठेवायला उठली नाही. मीच उठलो.

मागच्या पत्रात मी शेवटी जे लिहिलं, ते लिहायला नको होतं. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

पोलिसांच्या कागदात लिहिलंय म्हणे, की रस्ता चांगला होता, चालकाचं लक्ष नव्हतं. आणि त्याला आधार म्हणून आमच्या हापिसाचा एक कागद जोडलाय. 'किलोमीटर आठ ते सोळामधील खड्डे भरण्यात आले असून रस्ता सुस्थितीत आहे.' चौदा मार्चचा कागद. असले कागद कसे होतात ते तुला सांगतो. गावातलं कुणीतरी तक्रार करतं. तक्रार बंद करायची तर जागेवर जाऊन बघितल्याचा कागद लागतो. मग तो टेबलावरच होतो. निळ्या पेनानं सह्या होतात. तक्रार मिटते. ठेकेदाराचं बिलही त्याच कागदावर निघतं.

आपल्याकडच्या पंपावर लोक रोज कुरकुरतात, लिटरमागं एवढा कर सरकार घेतं, रस्त्यासाठी म्हणून घेतं, आणि रस्ता हा असा. मी तिथं खाकी कपड्यात उभा असलो की माझ्याकडं बघूनच बोलतात. मी म्हणायचो, मला काय विचारताय, मी घमेलं उचलणारा. हे खरंच होतं. छत्तीस वर्षांत मी डांबर जेवढं उचललं तेवढं कुणी उचललं नसेल. पण पाच-सहा वर्षं झाली, माझ्या हद्दीत डांबराचा डबा आला नव्हता. मी ओढ्यातला मुरूम आणून टाकायचो, दोन दिवसांत गाड्या तो उडवून लावायच्या.

मोरीवरचा खड्डा मला माहीत होता. तुला एवढं सांगितलं पाहिजे, म्हणून सांगतो. माझ्या काठीनं मोजला तर वीतभर खोल आणि दीड हात लांब. अगदी कडेला, कठडा पडलाय तिथंच. पंचनाम्याच्या सकाळी कुणीतरी तो मुरुमानं बुजवला होता, म्हणून पोलिसांना दिसला नाही.

पाऊस यंदा बरा आहे. टँकर बंद झालेत. ज्वारी पेरायला रान तयार ठेवलंय, तुमच्या वाटणीचंही.

जोतीराम


३ नोव्हेंबर २०२४

मंगल,

आज भाऊबीज. अमृतचा फोन आला होता सकाळी. मला वाटलं सणाचं बोलायला केला असेल. तो म्हणाला, "पाव्हणं, वकिलांनी त्यो कागद काढलाय. खाली तीन सह्या हायती. तिसरी 'जो. बा. टेंगले' अशी हाय. ताई विचारती, ही कुणाची?" मी फोन ठेवला. मग तो बंद करून पेटीत टाकला.

सही माझी आहे.

आता हे लिहिलं, तर पुढचंही लिहितो. तुला कुणी दुसऱ्यानं सांगण्याआधी.

चौदा मार्चला मला हापिसात बोलावलं. आमचे कारकून बाळासो. त्यांच्या टेबलावर माझ्या पेन्शनची फाईल उघडी होती. तुला माहीत नसेल, मी पहिली कितीतरी वर्षं रोजंदारीवर होतो. कायम झालो ते फार उशिरा. ती रोजंदारीची वर्षं सेवेत धरली तर पेन्शन बसते, नाही धरली तर नारळ घेऊन घरी जायचं.

बाळासोंनी दुसरा कागद पुढं केला. मी वाचला. म्हणालो, "बाळासो, खड्डे भरल्यालं न्हाईत. किलोमीटर अकराच्या मोरीवर तर लय मोठा हाय."

ते म्हणाले, "भरतील की. मार्च हाय, पैसे खर्ची पडल्याबिगर माघारी जात्यात. पावसाच्या आत ठेकेदार सगळं करून टाकणार हाय. त्यानं शब्द दिलाय."

"मग केल्यावर सही करतो."

बाळासो हसले. वाईट माणूस नाही तो. माझ्या आजारपणात घरी येऊन गेलेला आहे. फाईलवर हात ठेवून म्हणाले, "जोतीबा, तुमची वर्षं धरायची का न्हाई त्ये ह्या टेबलावरनं जातंय. साहेबांस्नी दोन्ही कागद एकदमच न्यायचेत. तुमाला आता मे पत्तूर ह्या हापिसाला नडून काय मिळवायचंय? करा सही, च्या घ्या."

मी सही केली. चहाही घेतला. त्या दिवशी घरी येताना प्रांजलला बालुशाही आणली होती, तुला आठवत असेल. प्रांजल 'आबांनी आणली' म्हणत घरभर नाचली. तू विचारलंस, "आज काय विशेष?" अंबूबाईनं सांगितलं, ह्यांची पेन्शन झाली.

बिरदेव त्याच बालुशाहीतली अर्धी खाऊन टँकरवर गेला.

जोतीराम


१९ जानेवारी २०२५

मंगल,

तुझ्याकडून काही आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

अंबूबाईला मी सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. ऐकून घेतलं, भाकरी उलटली, आणि म्हणाली, "मंगलला लिवलंसा. बरं केलं. कोर्टात कवा सांगणार?" मी म्हणालो, कोर्टात सांगितलं तर पेन्शन जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे की. भाऊ गेला तवा कुठं अडवलासा?" त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तिनं तसं म्हटलं म्हणून अकरा मेचं मी आज लिहितोय. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी बिरदेव मोरीजवळ थांबला होता. मी बाभळीखाली भाकरी खात होतो. रिकामा टँकर घेऊन तो शिवेकडं निघालेला. मी विचारलं, "आज हिकडं कुठं रं? तुझी विहीर तर मागं ऱ्हायली." तर म्हणाला, "नाथाजी म्हणलं, पलीकडच्या राज्यात बंकावर डिझेलची टाकी फुल्ल कर, येताना तिकडच्याच विहिरीवर पाणी भर. तिकडं कर कमी हाय, लिटरमागं पाच-सा रुपयं सुटत्यात." म्हणजे नाथाजींनीच पाठवलं होतं. सगळ्याच टँकरना ते तिकडं पाठवायचे, सिद्धू चालकालाही, सगळ्यांना माहीत होतं. मग हे मी पंचनाम्यात का सांगितलं नाही? कारण एक सांगितलं असतं तर दुसरंही विचारलं असतं.

जाताना त्यानं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं आणि खड्ड्याकडं बोट करून म्हणाला, "दादा, लय दिस झालं पोसताय ह्याला. बारसं तरी घाला आता." मी हसलो, मंगल. खरंच हसलो. म्हणालो, "जपून जा, गाबड्या."

पाच वाजता तो भरलेला टँकर घेऊन परत आला. मी तेव्हा अलीकडं अर्ध्या किलोमीटरवर साईडपट्टीचं गवत काढत होतो. समोरनं चाऱ्याच्या उसाच्या मोळ्या घेऊन एक ट्रॅक्टर आला. बिरदेवनं त्याला वाट द्यायला गाडी कडेला घेतली. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, स्प्रिंगचा पाटा तुटल्याचा आवाज मला तिथपर्यंत आला. गाडी कठडा नसलेल्या बाजूनं खाली गेली.

मी पोचलो तेव्हा टाकी फुटून पाणी ओढ्यातनं वाहत होतं. तो ओढा दिवाळीपासून कोरडा होता. वरच्या वस्तीवरच्या बायका पाणी बघून घागरी घेऊन पळत आल्या. जवळ आल्यावर त्यांना दिसलं, टँकर कुणावर पडलाय ते. त्यांच्यातल्या एकीनं घागर तिथंच टाकली आणि बोंब मारली. बाकीच्यांनी पाणी भरलं. सात दिवसांनी टँकर आलेला होता.

तो जिवंत होता थोडा वेळ. माझा हात धरला होता, एवढंच.

तुझ्या वकिलांचा नंबर अमृतकडून घेतलाय. मी सांगलीला येतो म्हणून कळवलंय.

जोतीराम


१३ जुलै २०२५

मंगल,

कोर्टात तू मागच्या बाकावर बसली होतीस. वर्षानं दिसलीस. वाळलीस फार.

मी जे सांगितलं ते तू ऐकलंसच. तरी बाहेर जे बोलणं झालं त्याबद्दल मला लिहायचं आहे. मी साक्षीला उभा राहून कागद दाखवला, ही माझी सही, हा मजकूर खोटा, खड्डा भरला नव्हता, आणि गाडी नाथाजींनी पाठवली होती. तेव्हा त्यांच्या वकिलांनी मला विचारलं, "म्हणजे स्वतःच्या फायद्यासाठी तुम्ही सरकारी कागदावर खोटी सही करता?"

"केली साहेब."

"मग आज खरं बोलताय कशावरून? आज तुम्हाला कोण काय देतंय?"

"आज कुणी देत न्हाई. आज जातंय."

कोर्टात कुणीतरी हसलं. वकील म्हणाले, एकदा खोटं बोललेला साक्षीदार आहे, नोंद घ्यावी. मला वाटलं, झालं, मी आलो तेही वाया गेलं. पण नंतर सिद्धूला बोलावलं. आदल्या तारखेला तो काही माहीत नाही म्हणाला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सांगून टाकलं, की आम्ही सगळेच मालकाच्या सांगण्यावरून तिकडं डिझेलला जायचो. दुसऱ्या दिवसापासून त्याला नाथाजींनी गाडी दिली नाही. तो आता पलूसकडं एका कारखान्याच्या ट्रकवर आहे.

बाहेर झाडाखाली तू माझ्यासमोर आलीस. अमृत मागं ओढत होता, तरी आलीस. डोक्यावरचा पदर सावरला नाहीस. म्हणालीस, "दादा, सही करताना तुमाला ठावं हुतं का, ह्ये रोज तिथनं जात्यात?"

मी म्हणालो, "व्हय."

"मग तवा डोळ्याम्होरं कोण आलं तुमच्या?"

मी म्हणालो, "कुणी न्हाई. पेन्शन आली."

तू वळलीस. एसटी स्टँडकडं गेलीस.

मी खरं सांगितलं, पण पुरं सांगितलं नाही. सही करून परत येताना मोरीवर सायकल थांबवून मी त्या खड्ड्याजवळ उभा राहिलो होतो. तेव्हा बिरदेव डोळ्यासमोर आला होता. मी मनात म्हटलं, त्याला तर माहीत आहे हा खड्डा, तो जपून चालवतो. आपल्या माणसाचं काही होत नाही. झालंच तर दुसऱ्या कुणाचं होईल. असं मी मनात धरलं होतं, मंगल. ते दुसरं कुणी कोण, त्यांचं घरदार कसलं, हे बघायला मी थांबलो नाही. सायकलवर बसलो.

जोतीराम


१४ डिसेंबर २०२५

मंगल,

निकाल तुझ्या बाजूनं लागल्याचं वकिलांनी फोनवर सांगितलं. बिरदेव कामावर असतानाच गेला आणि त्याची चूक नव्हती, असं लिहिलंय. हे त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं, मीच दाखवायला लावलं. नाथाजी वरच्या कोर्टात जाणार आहेत. म्हणजे तुझ्या हातात काही पडायला आणखी किती दिवस, ते कुणी सांगत नाही. तू तिकडं आल्याच्या शेतात खुरपायला जातेस असं अमृत म्हणाला. प्रांजलला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवलंय हेही म्हणाला. बरं वाटलं.

इकडचं सांगायचं तर, माझी पेन्शन ऑगस्टपासून थांबली. खोटा दाखला दिल्याबद्दल चौकशी लागलीय. फक्त माझ्यावर. बाकीच्या दोन सह्यांपैकी एक साहेब बदलून गेले, दुसऱ्यांनी लिहून दिलं की मैलकामगारानं सांगितलं त्यावर विश्वास ठेवून सही केली. माझी रोजंदारीची वर्षं फेरतपासणीला गेली आहेत. बाळासो मला रस्त्यात भेटले. गाडी थांबवली नाही.

आणि एक ऐक. तिकडच्या सरकारनंही डिझेलवरचा कर वाढवला. आता पलीकडच्या बंकावर कुणी जात नाही, फरकच उरला नाही म्हणतात. ज्या पाच रुपयांसाठी बिरदेवला पाठवलं, ते पाच रुपये आता कुठंच नाहीत.

नोव्हेंबरात रस्त्याचं काम निघालं. तोच ठेकेदार, नवीन बोर्ड. गड्याला पाचशे, बाईला तीनशे रोज. अंबूबाई म्हणाली, "मी जाणार." मी म्हणालो, तू त्या रस्त्यावर जाऊ नकोस. ती म्हणाली, "मग घरात काय शिजवू?" शेवटी दोघंही गेलो. साठी उलटल्यावर मी परत रोजंदारीवर, माझ्याच आठ किलोमीटरमध्ये. पहिल्या दिवशी हजेरी घेणाऱ्या पोरानं मला विचारलं, "आजोबा, डांबराचं काम केलंय का कवा?"

खड्डा भरायचा तर आधी त्याच्या कडा टिकावानं सरळ कापायच्या, चौकोन करायचा. आतली धूळ, माती झाडून काढायची. मग पातळ डांबराचा हात, मग खडी, मग वरनं धुम्मसानं ठोकून बसवायचं. धुळीवर डांबर धरत नाही. पहिल्या पावसात भाकरीच्या पापुद्र्यासारखं निघून येतं. इथं सांगितलेलं होतं, कापायचं नाही, झाडायचं नाही, नुसता माल ओतायचा आणि पुढं चालायचं. दिवसाला अमुक इतके झाले पाहिजेत.

मोरीवर आलो तेव्हा मी टिकाव घेतला आणि कडा कापायला लागलो. मुकादम ओरडला, "ओ, काय खोदताय? भरायचाय त्यो!" मी थांबलो नाही. अंबूबाईनं घमेलं खाली ठेवलं, पदर खोचला आणि खराट्यानं आतली माती झाडायला लागली. किती महिन्यांनी आम्ही दोघं एका कामाला हात लावत होतो. तास गेला त्यात. मुकादमानं दोघांचा अर्धा रोज कापला, आणि म्हणाला, उद्या असं केलंत तर येऊ नका.

तो खड्डा नीट भरला आहे. त्यावरनं एसटी गेली, आत बसलेल्यांना काही कळलंही नसेल.

पण मंगल, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून आम्ही आणखी तेवीस खड्डे भरले. ते सगळे सांगितलं तसेच भरले, धुळीवर. दुसऱ्या दिवशी मी गेलो, कारण पीठ संपलं होतं. हे लिहिलं नाही तर परत अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

काम संपल्यावर साहेब गाडीतनं येऊन बघून गेले. खाली उतरले नाहीत.

जोतीराम


११ जानेवारी २०२६

चि. प्रांजल हिस,
तुझ्या थोरल्या चुलत्याचे आशीर्वाद.

तुझ्या आईचं कार्ड परवा पोचलं. दीड वर्षात आलेलं हे पहिलं. त्यात लिहिलंय, "दादा, तुमची सगळी पत्रं मिळाली. वाचली. आता मला लिहू नका. पत्रं मी जपून ठेवली आहेत. प्रांजल मोठी झाली की तिच्या हातात देईन. तुम्हाला काय म्हणायचं ते ती ठरवील, मला ते होणार नाही."

तिच्या म्हणण्याप्रमाणे मी तिला आता लिहिणार नाही. हे एकच तुझ्या नावानं लिहून ठेवतो. तू हे वाचशील तेव्हा तुला बरंच कळत असेल, म्हणून लपवत नाही.

तुझे वडील बिरदेव यांनी कधी दारूला हात लावला नाही, गाडी कधी बेफिकिरीनं चालवली नाही. त्यांना लोक काही म्हणाले असतील तर ते खोटं आहे. मालकानं सांगितलं तिकडं ते गेले, समोरच्या गाडीला वाट दिली, आणि जो खड्डा भरल्याचं मी लिहून दिलं होतं त्यात त्यांचं चाक गेलं. तो भरलेला नाही हे मला ठाऊक होतं. मला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. मला पेन्शन हवी होती.

तुझी मेंढरं आता एकोणीस झालीत. तुझी थोरली आई त्यांना तुझ्या नावानं हाक मारते. तुमच्या वाटणीच्या रानातली ज्वारी पोटरीत आली आहे. हे सगळं तुझंच आहे, तू इथं आलीस किंवा नाही आलीस तरी.

एक गोष्ट मी तुझ्या आईला कधी लिहिली नाही. तिनं ऐकलं नसेल, तिचं सगळं लक्ष माझ्याकडं होतं. पंचनाम्याच्या दिवशी मोरीवर तिनं मला सगळ्यांसमोर खरं सांगायला सांगितलं, तेव्हा तू तिच्या बाजूला उभी होतीस. पायात चप्पल नव्हती. पोलिसानं विचारलं, "काय हो, खड्डा होता का?" आणि मी मान खाली घातली. खाली बघताना मला तुझं तोंड दिसलं. तू रडत नव्हतीस. तू माझ्याकडं बघून त्या पोलिसाला म्हणालीस, "थांबा, माझे आबा सांगतील."

जोतीराम